फोर्स्टच्या घरांतील अकरा दिवस

ज्या संगीताची ध्वनिमुद्रिका निघावयाची असते, तें बहुधा कोणास तरी स्मरून घडविलें जातें. वाजविणारा वाजवीत असतो. परंतु पैसा पुरविणारी कंपनी, बाजारांतील मागणी आणि ठरलेली मुदत हीं तिन्ही अदृश्य रूपानें त्याच्या समोर बसलेलीं असतात. ह्यांपैकीं एकासहि न बोलावितां चार वादक एकत्र बसले, तर काय निर्माण होईल? ह्या प्रश्नाचें एक उत्तर इ. स. १९७६ च्या सप्टेंबर महिन्यांत पश्चिम जर्मनींतील फोर्स्ट नांवाच्या लहानशा खेड्यांत मिळालें. तें जगाच्या कानीं पडण्यास मात्र एकवीस वर्षें जावीं लागलीं.

फोर्स्ट हें वेझर नदीच्या कांठीं, लोअर सॅक्सनी प्रांतांत वसलेलें आहे. तेथील एका जुन्या घरांत हान्स-योआखिम रोडेलियस आणि डीटर म्योबियस हे दोघे ‘क्लस्टर’ ह्या नांवानें विद्युत्‌वाद्यांचें संगीत करीत राहत असत. रोडेलियस यांचा जन्म १९३४ सालीं बर्लिन येथें झाला. युद्धाची झळ आणि पुढें पूर्व जर्मनींतील तुरुंगवास त्यांनीं भोगला होता. म्योबियस त्यांहून दहा वर्षांनीं लहान. १९७३ सालीं ‘नॉय!’ ह्या वृंदाचे गिटारवादक मिखाएल रोटर त्यांना येऊन मिळाले आणि तिघांचा ‘हार्मोनिया’ हा वृंद स्थापन झाला.

युद्धोत्तर जर्मनींतील ह्या पिढीपुढें एक विलक्षण पेंच होता. वडिलांच्या काळाचा वारसा कलंकित झालेला, आणि रेडिओवरून ऐकूं येणारें इंग्लंड-अमेरिकेचें रॉक संगीत परक्याचें. जुनें घेववत नव्हतें व उसनें शोभत नव्हतें. ज्यांना अद्याप परंपरा नव्हती अशा नव्या विद्युत्‌वाद्यांकडे ही मंडळी वळली, ती केवळ नावीन्याच्या हौसेनें नव्हे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

हार्मोनियाच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिली १९७४ सालीं, दुसरी १९७५ सालीं. लोकांनीं त्यांकडे जवळ जवळ पाठ फिरविली. १९७६ च्या उन्हाळ्यापर्यंत वृंद मोडला आणि ज्याची त्याची वाट वेगळी झाली.

अशा वेळीं त्या घरीं एक पाहुणा आला. इंग्लंडांतील ब्रायन ईनो हे ‘रॉक्सी म्युझिक’ हा यशस्वी वृंद १९७३ सालीं सोडून स्वतंत्र वाट चोखाळीत होते. १९७४ सालीं हांबुर्ग येथें हार्मोनियाचा कार्यक्रम ऐकण्यास ते गेले आणि रंगमंचावर चढून त्यांच्यांत सामील झाले. तेव्हां मिळालेलें आमंत्रण त्यांनीं दोन वर्षांनीं पुरें केलें. स्वगृहीं उपेक्षित झालेल्या ह्या मंडळींचें मोल एका परदेशी समव्यवसायिकानें ओळखलें होतें. मोडलेला वृंद पाहुण्यासाठीं पुन्हा एकत्र बसला.

ईनो तेथें सुमारें अकरा दिवस राहिले. ध्वनिमुद्रिका काढावयाची असा कोणाचाहि संकल्प नव्हता. हाताशीं चार मार्गांचें ध्वनिमुद्रणयंत्र होतें. अशा यंत्राच्या एकाच फितीवर चार समांतर पट्टे असतात. एका पट्ट्यावर कांहीं वाजवून ठेवावें, तें ऐकतां ऐकतां दुसऱ्यावर भर घालावी. अर्थात् वादक जसा शेजारच्या मित्राशीं, तसाच घटकेपूर्वींच्या स्वतःशींहि संवाद करूं शकतो. रोटर यांची गिटार, रोडेलियस यांचीं स्वरपट्टीचीं वाद्यें, म्योबियस यांचे सिंथेसायझरचे विक्षिप्त आवाज आणि ईनो यांचा सिंथेसायझर, मंद्र गिटार व क्वचित् कंठस्वर असा तो मेळ होता.

आपल्याकडील ख्यालगायक आयत्या वेळीं उपज करतो, तेव्हां रागाची चौकट आणि तालाचें आवर्तन त्याच्या पाठीशीं उभें असतें. फोर्स्ट येथें अशी शास्त्रानें दिलेली चौकट नव्हती. मर्यादा घालावयाची ती परस्परांच्या ऐकण्यानेंच. चौघांपैकीं कोणींहि पुढें सरसावून मैफल मारून नेण्याचा यत्न केलेला दिसत नाहीं. पाहुणा नामांकित असूनहि त्याचा स्वर इतरांत मिसळून गेला आहे. ‘लुनेबर्ग हीथ’ ह्या तुकड्यांत ईनो गातात, पण तें गाणें स्वर आणि धुकें यांच्या सीमेवर राहतें. ‘समटाइम्स इन ऑटम’ हा तुकडा पाव तासाहून अधिक काळ चालतो आणि त्याला कोठें पोंचण्याची घाई नाहीं.

पुढें ईनो त्या फिती घेऊन निघाले. त्याच शरदृतूंत ते डेव्हिड बोवी यांच्या ‘लो’ ह्या ध्वनिमुद्रिकेच्या कामांत सहभागी झाले, आणि फोर्स्टचें काम अपुरें राहिलें. १९७७ सालीं कोलोनजवळील कॉनी प्लांक यांच्या स्टुडिओंत ईनो, रोडेलियस व म्योबियस पुन्हा भेटले आणि त्यांतून दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पण त्यांत रोटर नव्हते. चौघांचा तो मेळ पुन्हा जमला नाहीं. अखेर १९९७ सालीं, मुख्यत्वें रोडेलियस यांच्या खटपटीनें, जुन्या फितींतील नऊ तुकडे ‘ट्रॅक्स अँड ट्रेसेस’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाले. २००९ सालच्या आवृत्तींत आणखी तिहींची भर पडली. तोंवर एके काळीं न खपलेल्या ह्या वृंदास नवी पिढी आपला पूर्वज मानूं लागली होती. म्योबियस २०१५ सालीं निवर्तले.

उपेक्षितांस काळ नेहमींच न्याय देतो, असा सोपा बोध यांतून काढणें बरोबर होणार नाहीं. फितीवरील लेप झडता, किंवा कोणी तिजवर दुसरें कांहीं मुद्रित करता, तर त्या अकरा दिवसांची आठवण चौघांबरोबरच संपली असती. काळानें न्याय दिला तो एका माणसानें त्या फितींचा पिच्छा सोडला नाहीं म्हणून. प्रसिद्धीची अपेक्षा न ठेवतां कलावंतानें काम करावें, हें खरेंच. परंतु तें केलेलें काम जपून ठेवणाराहि कोणी असावा लागतो. इतिहासांत ह्या दुसऱ्या माणसाचें नांव बहुधा लहान अक्षरांत छापलें जातें.