सगळे दुःख विचारातून जन्मत नाही

दुःख प्रसंगात नसते, प्रसंगाकडे पाहणाऱ्या विचारात असते. विचार बदलला की भावना बदलते आणि भावना बदलली की माणूस सुखी होतो. हे मत आज इतके रुळले आहे की त्याला कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. हैदराबादेतल्या मराठी मंडळींच्या व्याख्यानांत ते ऐकू येते, माधापूर-गच्चीबावलीच्या कंपन्यांत भरणाऱ्या शिबिरांत ते शिकवले जाते, घरोघरच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी ते सुविचार होऊन येते. माझा या मताला विरोध आहे. ते निखालस खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ते थोडे खरे आहे आणि संपूर्ण सत्य म्हणून सांगितले जाते. त्यामुळे आधीच खचलेल्या माणसाच्या माथी त्याच्याच दुःखाचा दोष येतो, म्हणून विरोध.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण त्याच्या बाजूने उभे असलेले लोक थोर आहेत. धम्मपदाचा आरंभच मनाला सर्वांच्या पुढे ठेवून होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि कामनेतून क्रोध अशी साखळी दाखवली आहे. समर्थांनी तर 205 श्लोक थेट मनालाच उद्देशून रचले. पाश्चात्त्यांत एपिक्टेटसने हेच शिकवले, आणि त्याचे ऋण मान्य करून अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. घटना, तिच्याविषयीचा दृष्टिकोन आणि त्यातून होणारा भावनिक परिणाम, ही त्यांची त्रिसूत्री. कि. मो. फडके यांच्या लेखनातून आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून ती मराठी वाचकाला चांगली परिचयाची झाली आहे. तिने अनेकांचे भले झाले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण एपिक्टेटस कोण होता? तो जन्माने गुलाम होता. ज्याच्या शरीरावर, कामावर, राहण्या-जाण्यावर दुसऱ्याची मालकी आहे, त्याच्या हाती स्वतःच्या मताखेरीज काय उरते? त्याच्या तोंडी ते तत्त्वज्ञान तेजस्वी दिसते. तेच तत्त्वज्ञान मालकाच्या तोंडून गुलामाला ऐकवले तर त्याचा अर्थ उलटा होतो. म्हणून हा सिद्धांत कोण कोणाला सांगतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्याची परीक्षा पुरी होत नाही.

आता आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. अफझलगंजचा परिसर पाण्याखाली गेला, हजारो माणसे मेली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. याच पुरात उर्दूचे रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. ते एकटे उरले.

या पुराने शहराला दोन प्रकारचे दुःख दिले, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या दोहोंतल्या फरकावर उभा आहे. एक दुःख अमजदांचे. गेलेली माणसे परत येणार नव्हती. दुसरे नदीकाठच्या हजारो घरांचे, म्हणजे पुन्हा पाणी येईल या भीतीचे. ही भीती चुकीच्या विचारातून आलेली होती काय? मुळीच नाही. ती अगदी बरोबर अंदाजातून आलेली होती, आणि तिच्यावरचा उपाय काठावरच्या माणसाच्या डोक्यात नव्हता, नदीच्या वरच्या अंगाला होता. 1909 मध्ये निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर जलाशय बांधून पूर अडवावा, असे त्यांनी सुचवले. 1912 मध्ये शहर सुधार मंडळ स्थापन झाले, 1920 मध्ये उस्मान सागर पुरा झाला आणि 1927 मध्ये हिमायत सागर. नदीकाठच्या पिढ्यांना जो निवांतपणा लाभला तो या दोन बंधाऱ्यांनी दिला. ‘पाण्याविषयीचा दृष्टिकोन बदला’ असे विश्वेश्वरय्या सांगून गेले असते तर त्यांचे नावही आज कोणी घेतले नसते.

आणि जिथे बांधकामाने तळी बुजवली, नाले अडवले, तिथे ती भीती परत आली. 13 आणि 14 ऑक्टोबर 2020 च्या पावसात हैदराबादच्या कितीतरी वसाहती पाण्यात गेल्या. त्या वसाहतीत राहणारी बाई पावसाच्या रात्री जागी राहत असेल तर तिला ध्यानाच्या शिबिराला पाठवायचे, की नाला मोकळा करायचा?

आपल्या परंपरेने हा फरक कधीच ओळखला होता. सांख्यांच्या विचाराची सुरुवात तीन प्रकारच्या दुःखांपासून होते: आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. चरकाने शारीरस्थानात सांगितले आहे की शरीर मनाच्या मागे जाते आणि मनही शरीराच्या मागे जाते; त्याने रस्ता दोन्ही बाजूंनी चालता ठेवला. ज्या समर्थांच्या मनाच्या श्लोकांचा दाखला पूर्वपक्ष देतो, त्याच समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांना स्वतंत्र समास दिले. आध्यात्मिक तापाच्या समासात खरूज, नारू, देवी, गोवर अशी देहाच्या पीडांची लांबलचक यादी येते. पुढच्या समासात काट्यापासून मारहाणीपर्यंत इतरांकडून होणारे क्लेश येतात. मनाला समजावणारा हा संत देहाचा आणि जगाचा हिशोब बाजूला ठेवत नाही. आजच्या सुविचारवाल्यांनी मात्र तिन्ही ताप एकाच मनात कोंबले आहेत आणि नाव परंपरेचे घेतले आहे.

देहाचा हिशोब तर आज अधिकच स्पष्ट झाला आहे. थायरॉइड मंदावले की उदासी येते, सुस्ती येते, रडू येते. बी-12 कमी पडले तरी मन खचते, आणि शाकाहारी घरांत ते कमी पडणे नवल नाही. नांदेड-लातूरहून येऊन अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करणाऱ्या मुलाची महिनोन्‌महिने झोप मोडली असेल तर त्याची चिडचिड ही आधी झोपेची तक्रार आहे. अशा मुलाला आपल्या विचारांत काय चुकते ते शोधायला सांगणे म्हणजे त्याला चुकीच्या दाराशी उभे करणे. तो शोधत राहतो, काही सापडत नाही, आणि शेवटी स्वतःलाच कमकुवत ठरवतो.

पूर्वपक्षी म्हणेल, ‘परिस्थिती आपल्या हाती नसते, विचार तरी आपल्या हाती असतात.’ हा त्याचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. पण विचार तरी कितपत हाती असतात? 1987 मध्ये डॅनियल वेग्नर यांनी काही लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. तो विचार दडपता तर आला नाहीच, पण बंदी उठल्यावर तो आणखी वारंवार आला. 2009 मध्ये जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की ज्यांना स्वतःविषयी आधीच हीन वाटते, त्यांनी स्वतःविषयी चांगली वाक्ये घोकली तर त्यांना बरे वाटण्याऐवजी उलट वाईट वाटते. म्हणजे ज्याला या औषधाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते बाधते.

एलिस यांचेच उदाहरण पाहा. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. ती त्यांनी कशी घालवली? न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर बसलेल्या शंभरावर स्त्रियांशी बोलून. आधी कृती झाली, मग भीती ओसरली. पुढे 1993 मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीच्या नावातच वर्तनाला जागा दिली. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या प्रचलित उपचाराचे भाग सुटे करून तपासले. विचारांची दुरुस्ती वगळून रुग्णाला केवळ रोजच्या कृतीकडे परत वळवले, तरी गुण सारखाच आला.

गोव्यात तर याची फार मोलाची कसोटी लागली. ‘संगथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ भेटींचा एक कार्यक्रम चालवला. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, साधी शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती. भर कृतीवर होता: बंद पडलेली कामे पुन्हा सुरू करणे, तुटलेल्या माणसांशी बोलणे, अडचण एक-एक करून सोडवणे. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि ते उत्साह वाढवणारे होते. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की रुग्णाच्या दाराशी एक माणूस आला आणि पुन्हा आला. सुविचार कधी कोणाच्या दाराशी येत नाही.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. काही भावना बरोबर विचारातूनच येतात आणि त्या बदलू नयेत. 1938 मध्ये निजामाच्या राज्यात वंदे मातरम् म्हणू दिले जात नव्हते. औरंगाबादच्या विद्यार्थ्यांपासून उस्मानिया विद्यापीठापर्यंत आंदोलन पसरले, मुलांना काढून टाकले गेले आणि त्यांतल्या अनेकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या मुलांचा संताप हा विचारदोष होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? कोणी त्या वेळी त्यांना मन शांत ठेवायला शिकवले असते, तर मराठवाड्याच्या मुक्तीसाठी तुरुंगात जायला माणसे कुठून आली असती? आजही कचेरीत अपमान सोसणाऱ्या, घरात मार खाणाऱ्या बाईचा राग हे तिच्या परिस्थितीचे अचूक ज्ञान असते. तो राग काढून घेतला की तिच्या हातचा पुरावाच जातो.

मग विचाराला जागाच नाही काय? आहे, आणि ती मानाची आहे. अमजद हैदराबादींकडे परत पाहा. त्यांच्या दुःखावर कोणताही बंधारा बांधता येणार नव्हता. पुढे सूफी चिंतनाने आणि रुबाईने त्यांना उभे केले, आणि त्या पुरावर त्यांनी ‘कयामत-ए-सुगरा’ हे काव्य लिहिले. जे बदलता येत नाही, त्याच्याशी राहायला शिकवणे हे विचाराचे खरे क्षेत्र आहे. दुसरे क्षेत्र त्या वेदनेचे, जी आपण मूळ दुःखावर स्वतः चढवतो: एका परीक्षेतल्या अपयशावरून सगळे आयुष्य वाया गेले असे ठरवणे, एका नकारावरून आपण नालायक आहोत असे मानणे. इथे एलिस आणि त्यांच्यासारखीच विचारांवर आधारलेली उपचारपद्धती मांडणारे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांचे म्हणणे पुरेपूर खरे ठरते. त्यांनी अपयशाचे वाईट वाटूच नये असे कधी सांगितले नव्हते. वाईट वाटणे आणि कोलमडणे यांत एलिस स्वतः स्पष्ट भेद करीत.

म्हणून क्रम असा असावा. आधी देह तपासावा, मग परिस्थिती पाहावी, मग सोबतीला कोण आहे ते पाहावे, काही कृती शक्य असेल तर ती करावी, आणि या सगळ्यानंतर, किंवा यांच्या जोडीने, विचारांकडे वळावे. पहिल्याच पायरीला विचारांवर बोट ठेवणारा सल्ला सोपा असतो, कारण देणाऱ्याला त्यासाठी काहीच करावे लागत नाही. ना डॉक्टरकडे न्यावे लागते, ना मालकाशी भांडावे लागते, ना रात्री उशाशी बसावे लागते.

मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. सकारात्मक विचारांवरचे व्याख्यान जरूर ठेवा, पण त्याच दिवशी सभागृहाबाहेर थायरॉइड आणि बी-12 च्या तपासणीचे टेबल मांडा, आणि 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. केंद्र सरकारची ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास मोफत चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.