खडकावरचे प्राणी किती ऊन सोसतात?

भरती-ओहोटीचा धडा शिकवताना आपण चंद्र, सूर्य आणि गुरुत्वाकर्षण यांच्याविषयी बोलतो. पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या खडकावर जे प्राणी चिकटून राहतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. शिंपले, शंखातल्या गोगलगाई आणि खडकाला घट्ट बसणारे बार्नेकल यांना आपले शरीर थंड किंवा गरम ठेवता येत नाही. पाणी १४ अंश सेल्सिअस असेल तर भरतीत त्यांचे शरीरही १४ अंशांच्या आसपास असते. ओहोटीत ऊन लागले की तेच शरीर दोन-तीन तासांत ३० अंशांवर जाऊ शकते. आणखी काही तासांनी पाणी परत येते आणि शरीर पुन्हा गार पडते.

हा ताण हे प्राणी कसा सोसतात आणि त्यांच्या सोसण्याची सीमा कोठे आहे? हा प्रश्न सुटत कसा गेला त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. त्यातला बराचसा भाग कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागराच्या काठी, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हॉपकिन्स सागरी केंद्रात घडला. १८९२ साली सुरू झालेले हे केंद्र खडकाळ किनाऱ्यालाच लागून आहे.

पितळी खिळे

१९३१ ते १९३३ या काळात विलिस हिवॅट हा विद्यार्थी या केंद्रात डॉक्टरेटसाठी काम करत होता. उंच खडकापासून खाली पाण्यापर्यंत त्याने एक सरळ पट्टा आखला, त्याचे एक-एक चौरस वाराचे चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनातले प्राणी जातीनुसार मोजले. काम किचकट होते आणि त्यात चमकदार असे काही नव्हते. पण जागेची खूण राहावी म्हणून त्याने खडकात पितळी खिळे बसवले. या खिळ्यांकडे आपण पुन्हा येऊ.

खडकावर प्राण्यांचे आडवे पट्टे दिसतात, हे फार पूर्वीपासून माहीत होते. ते का पडतात याचा चोख प्रयोग जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केला आणि १९६१ साली प्रसिद्ध केला. तेथे बार्नेकलच्या दोन जाती एकावर एक पट्ट्यांत राहतात. खालच्या पट्ट्यातली जोमदार जात वरच्या जातीला खाली टिकू देत नाही. पण ही जोमदार जात स्वतः वर सरकू शकत नाही, कारण तेथील ऊन आणि कोरडेपणा तिला झेपत नाही. म्हणजे पट्ट्याची खालची हद्द शेजारी ठरवतो आणि वरची हद्द शरीराची सहनशक्ती. ही सहनशक्ती शरीरात नेमकी कोठे असते, हे मात्र या प्रयोगातून कळण्याजोगे नव्हते.

उकडलेले अंडे आणि फळमाशी

त्याचा धागा समुद्रापासून दूर, इटलीतल्या एका प्रयोगशाळेत सापडला. फेरुचिओ रिटोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत होते. एकदा एका सहकाऱ्याने उबवणी-पेटीचे तापमान वाढवून ठेवले, आणि रिटोसांना गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेमुळे काही विशिष्ट जनुके जागी झाली होती. एका नियतकालिकाने हे निरीक्षण महत्त्वाचे नाही म्हणून परत पाठवले. १९६२ साली ते दुसरीकडे छापून आले. ही जनुके ठरावीक प्रथिने तयार करतात, हे १९७४ साली स्पष्ट झाले. त्यांना उष्माघात-प्रथिने असे नाव पडले.

त्यांचे काम समजण्यासाठी उकडलेले अंडे आठवावे. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. उष्णतेने घडी उलगडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि अंड्याचा पारदर्शक बलक पांढरा व घट्ट होतो. पेशीत असे गुंते होऊ लागले तर ती मरते. उष्माघात-प्रथिने उलगडलेल्या साखळ्यांना धरून ठेवतात, गुंता होऊ देत नाहीत आणि पुन्हा नीट घडी पडायला मदत करतात. मात्र या दुरुस्तीला ऊर्जा लागते. ती वाढीतून आणि अंडी घालण्यातून काढावी लागते.

हे सर्व प्रयोगशाळेतल्या आघातापुरतेच आहे की निसर्गातही रोज घडते? ग्रेचेन हॉफमन आणि जॉर्ज सोमेरो यांनी किनाऱ्यावरचे मसल तपासले. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचे हे भाईबंद. १९९५ साली त्यांनी दाखवले की उन्हाळ्यात या मसलांच्या पेशींत बिघडलेली प्रथिने हिवाळ्यापेक्षा जास्त असतात आणि उष्माघात-प्रथिनेही वाढलेली असतात. प्राणी जिवंत आणि धडधाकट दिसतो, पण आत दुरुस्तीचा कारखाना चालू असतो.

पुढे सोमेरो हॉपकिन्स केंद्रात आले. तेथे लार्स टोमानेक यांनी त्यांच्यासह टेग्युला या गोगलगाईच्या जातींची तुलना केली. वरच्या पट्ट्यातली जात उष्णतेचा झटका बसताच दुरुस्ती सुरू करते आणि सुमारे ६ तासांत पूर्ववत होते. खाली राहणाऱ्या जातीला त्यासाठी ५० तासांच्या आसपास लागतात. तेवढ्यात पुढची ओहोटी येऊन गेलेली असते. कॉनेल यांनी पाहिलेली वरची हद्द पेशीच्या भाषेत कशी लिहिलेली असू शकते, याचा हा नमुना.

साठ वर्षांनंतरची मोजणी

१९९३ साली याच केंद्रात सारा गिलमन आणि रेफ सॅगरिन या दोन पदवीच्या विद्यार्थ्यांनी हिवॅटचे पितळी खिळे शोधून काढले आणि तेच चौकोन पुन्हा मोजायला घेतले. जेम्स बॅरी आणि चक बॅक्स्टर यांच्यासह त्यांनी १९९५ साली निष्कर्ष मांडले. दक्षिणेकडच्या उबदार पाण्यात मुख्य वस्ती असणाऱ्या ९ जातींपैकी ८ वाढल्या होत्या. उत्तरेकडच्या ८ जातींपैकी ५ घटल्या होत्या. साठ वर्षांत किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान ०.७५ अंशाने वाढले होते. प्राण्यांची उन्हे सोसण्याची ताकद रोज २० अंशांची, मग पाऊण अंशाने काय होणार, असे कोणालाही वाटेल. उत्तर खडकावरच होते.

आता जास्त ऊन सोसणाऱ्या जाती तरी सुरक्षित असतील, अशी आपली समजूत होते. सोमेरो यांचे विद्यार्थी जोनाथन स्टिलमन यांनी ती तपासली. त्यांनी खडकांखाली राहणाऱ्या पोर्सेलेन खेकड्यांच्या चार जाती घेतल्या. त्यांना गार आणि उबदार पाण्याची सवय लावून, कोणत्या तापमानाला हृदयाचे ठोके कोलमडतात ते मोजले. सवयीने ही सीमा थोडी वर सरकते. पण ज्या जातीची सीमा मुळातच सर्वांत उंच, तिची ती सर्वांत कमी सरकते, असा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. उंच पट्ट्यातला खेकडा आजच कड्याच्या टोकाशी उभा आहे. सोशिकपणाचा अर्थ सुरक्षितपणा नव्हे, ही आम्हा शरीरक्रियेच्या अभ्यासकांना या इतिहासाने शिकवलेली मुख्य गोष्ट.

ओहोटीचे घड्याळ

आणखी एक समजूत अशी की दक्षिणेला जावे तसा ताण वाढत जाईल. ब्रायन हेल्मथ आणि सहकाऱ्यांनी शिंपल्याप्रमाणेच तापणारी तापमापके अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर बसवली. २००२ साली त्यांनी दाखवले की उत्तरेकडच्या काही जागी प्राणी दक्षिणेपेक्षा अधिक तापतात, कारण तेथे उन्हाळ्यातली मोठी ओहोटी भर दुपारी येते. दक्षिणेत ती रात्रीच्या सुमारास असते.

हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज पडताळता येईल. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे उधाणाची मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराला, पण ती भांगाची, पाणी फार खाली न नेणारी. आपल्या किनाऱ्यावरचे सर्वांत खालचे खडक त्यामुळे भर दुपारच्या उन्हात सहसा उघडे पडत नाहीत.

जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तीव्र उष्णतेची लाट आली. मोठ्या ओहोट्याही त्याच दिवसांत आणि दुपारच्याच होत्या. शिंपले कवचातच शिजून निघाले. हेल्मथ यांच्या २००२ च्या अभ्यासात सहभागी असलेले क्रिस्टोफर हार्ली यांनी एक अब्जाहून अधिक सागरी प्राणी मेल्याचा अंदाज केला. खडकावर मेलेले प्राणी मोजूनच असा अंदाज करावा लागतो. किती उरले आणि किती गेले हे कळायला आधी किती होते याची नोंद हवी, आणि ती कोणीतरी काही वर्षे आधी, काहीच घडत नसताना केलेली असावी लागते. किनाऱ्याजवळच्या शाळेने खडकावर एक चौकोन आखला, दरवर्षी ठरलेल्या तिथीला त्यातले प्राणी मोजले आणि वही जपून ठेवली, तर ती वही पुढच्या पिढीच्या कामी येईल. खिळे मात्र पितळी हवेत. लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत.