क्रॉस्बी वृक्षोद्यान

क्रॉस्बी वृक्षोद्यान : अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील पिकायून येथील स्थानिक वनस्पतींचे उद्यान. क्षेत्र सु. १०४ एकर. मूळ जंगल तुटलेल्या या जागेवर लाकूडव्यवसायातील क्रॉस्बी कुटुंबाने आधी स्ट्रॉबेरी पिकवली व पुढे पाइन लावले. एल. ओ. क्रॉस्बी (धाकटे) यांच्या निधनानंतर (१९७८) कुटुंबीयांनी ही खासगी वनजमीन त्यांच्या स्मरणार्थ उद्यानासाठी दिली. १९९७ पासून मिसिसिपी राज्य विद्यापीठ तिचा कारभार पाहते. तळ्याकाठचा ‘पाइनकोट’ हा लाकडी मंडप वास्तुशिल्पज्ञ फे जोन्स यांनी रचला.

वृक्षोद्यान म्हणजे देशोदेशीच्या नामवंत झाडांचा संग्रह, अशी रूढ कल्पना आहे. क्रॉस्बीचे मोल वेगळ्या कारणासाठी आहे. झाड जपायचे तर ते ज्या परिस्थितीत वाढते ती जपावी लागते, हे येथे प्रत्यक्ष दाखवले आहे. गवताळ रान, दाट झाडी व पाणथळ असे तीन परिसर राखले असून गवताळ रानाला अधूनमधून बंदोबस्तात आग लावतात. लांबपानी पाइनच्या रोपाकडे पाहिले की याचे कारण उमगते. पहिली काही वर्षे ते गवताच्या ठोंबासारखे जमिनीलगत असते. शेंड्याची कळी सुयांच्या दाट झुबक्यात झाकलेली असते आणि सोटमूळ खोल गेलेले असते. जाळ झपाट्याने पुढे सरकतो, सुया करपतात, कळी वाचते. आजूबाजूची झुडपे जळाल्याने रोपाला ऊन मिळते. निकस, आम्लधर्मी, ओल्या मातीतल्या कीटकभक्षी घटपर्णींनाही तेच ऊन हवे असते. झुडपे माजली की त्या सावलीत खुरटतात.

निसर्गाला निसर्गावर सोडावे, आग कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण या प्रदेशात विजेने पेटणारे आणि मूळ रहिवाशांनी लावलेले वणवे जुनेच आहेत. ते विझवत राहणे हाच नंतरचा हस्तक्षेप होय. एकदा तोडून नांगरलेली जमीन अस्सल कशी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. येथे मूळ अरण्य जसेच्या तसे परतलेले नाही, हे मान्यच करावे लागते. मात्र आग्नेय अमेरिकेत एके काळी कोट्यवधी एकरांवर पसरलेल्या लांबपानी पाइनच्या वनांचा आता अल्प अंश उरला आहे. अशा वेळी अस्पर्श जमिनीची वाट पाहणे परवडणारे नाही. बिघडलेली जमीन सुधारण्याची रीत शिकवणारे उद्यान म्हणूनच क्रॉस्बीची योग्यता मोठी आहे.