दुष्काळी कामावरचे रत्तलभर धान्य

दिवसभर खडी फोडली, तर तो व्यायाम झाला म्हणायचा की नाही? कॅलरी मोजून जेवणारे लोक हल्ली असे विचारतात. तुम्हांला हसू येईल. पण १८७७ साली याच हिशेबावर माणसांचे प्राण टांगले होते.

मद्रास आणि मुंबई इलाख्यांत दुष्काळ पडला होता. हिंदुस्थान सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी खर्चाला कात्री लावली. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला रोज एक रत्तल धान्य आणि वर अर्धा आणा! रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यातून सुमारे १,६०० कॅलरी मिळतात. कष्टकऱ्याला हे पुरायचे नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी बजावले. इकडे दख्खनेत हजारो मजूर काम सोडून निघाले, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मद्रासेत पुढे मजुरी वाढवावी लागली. टेंपलसाहेब मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले!

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २,११० कॅलरी, जड कष्टासाठी ३,४७०. कष्ट यात धरलेलेच आहेत. म्हणून ३,४७० चा आकडा घेतलात, तर शेतातली मेहनत ‘व्यायाम’ म्हणून पुन्हा मिळवू नका. एकच रुपया दोनदा जमेस धरल्यासारखे होईल.

शिक्षकांनी वर्गात ३,४७० मधून १,६०० वजा करून दाखवावेत. आणि मुलांना सांगावे, मीठमिरची भागवायची ती त्या अर्ध्या आण्यात.