टोमॅटो-मंडळें आणि उकळीची मर्यादा

स्वयंपाकाची विद्या आईनें मुलीस द्यावी व सासूनें ती सुनेकडून घटवून घ्यावी. तिच्यासाठीं वर्ग कशाला, असा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळदां विचारला जातो. हा प्रश्न अगदींच निरर्थक आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या ज्ञानांत अनुभवाचा अर्क असतो, आणि लोणच्याच्या बरणींत ओला हात घालूं नये हें आपल्या आजीबाईंस कोणत्याहि वर्गावांचून ठाऊक होतें. परंतु अनुभव हा जुन्या वस्तूंविषयींचा असतो. भांडें बदललें, साठवणीची रीत बदलली, म्हणजे तोच अनुभव नव्या ठिकाणीं मुका होतो, आणि तो मुका झाला आहे हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. अशा वेळीं काय घडतें, व वर्गाचा खरा उपयोग कोठें असतो, हें पाहावयाचें तर अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गृहशिक्षणाच्या इतिहासाकडे वळणें इष्ट होईल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या भागांतील शेतकरी बव्हंशीं कापसावर जगत असे, आणि टेक्सासच्या बाजूनें बोंडांतील किडा त्या कापसावर चालून येत होता. सीमन नॅप नांवाच्या वृद्ध शेतकीतज्ज्ञानें १९०३ सालीं टेक्सासमधील टेरेल गांवीं एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनींत, त्याच्याच हातून, सुधारलेली शेती करविली. व्याख्यान ऐकून किंवा सरकारी शेत पाहून कुणब्याची खात्री पटत नाहीं, स्वतःच्या हातून केलें म्हणजेच पटते, हें नॅपच्या पद्धतीचें सूत्र होतें. त्या सूत्रावर प्रथम मुलग्यांचीं मका-मंडळें निघालीं. साउथ कॅरोलायनांतील एकेन परगण्यांत मेरी क्रोमर ह्या शिक्षिका होत्या. मुलग्यांकरितां एवढें चाललें आहे, तर मुलींकरितां काय, असा विचार त्यांच्या मनांत आला, आणि १९१० सालीं त्यांनीं मुलींचें पहिलें टोमॅटो-मंडळ स्थापिलें.

योजना साधी होती. प्रत्येक मुलीनें एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे आपल्याकडील चार गुंठे, जमीन घ्यावी, तींत टोमॅटो लावावे, पीक हातीं आल्यावर तें पत्र्याच्या डब्यांत भरावें, झांकण डाक देऊन पक्कें करावें, डबे उकळत्या पाण्यांत शिजवावे आणि विकावे. येणारा पैसा तिचा. ज्या घरांत बापाच्या हातींहि वर्षांतून एकदां कापूस विकला म्हणजेच रोकड दिसत असे, तेथें चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीजवळ स्वतःच्या कमाईचे डॉलर असावे, ही लहान गोष्ट नव्हती. पुष्कळ मुलींनीं त्या पैशांवर पुढील शिक्षण घेतलें. व्हर्जिनियांत एला ॲग्न्यू व नॉर्थ कॅरोलायनांत जेन मॅकिमन ह्या बाईंनीं हेंच कार्य हातीं घेतलें. मुलींच्या मागोमाग त्यांच्या आया अंगणांतील त्या भट्टीपाशीं येऊन उभ्या राहिल्या, आणि मुलींचें मंडळ हळूहळू सबंध गांवाच्या बायकांचा वर्ग बनलें. ८ मे १९१४ रोजीं स्मिथ-लीव्हर कायदा मंजूर झाला, व शेतकी महाविद्यालयांच्या द्वारें असे वर्ग खेडोपाडीं नेणें हें सरकारी कर्तव्य ठरलें.

ह्या चित्राची काळी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. गोऱ्यांचे वर्ग वेगळे, कृष्णवर्णीयांचे वेगळे, आणि कृष्णवर्णीय शिक्षिकांचें वेतनहि कमी, अशी त्या प्रांतांची रीत होती. तरीहि अलाबामांतील टस्कीगी येथील संस्थेनें १९०६ सालींच एक शिक्षणाची गाडी सिद्ध करून ती खेड्यांतून फिरविली होती. तेथील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ह्यांनीं १९१८ सालीं टोमॅटोच्या लागवडीवर व त्याच्या ११५ पदार्थांवर एक पत्रिका प्रसिद्ध केली. ज्यांच्याजवळ कांहींच नव्हतें अशा कुटुंबांच्या ताटांत चार भाज्या अधिक याव्यात, ही त्यामागील तळमळ होती.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. मुलींचे टोमॅटोचे डबे टिकले, खाणारांस बाधले नाहींत. ह्याचें श्रेय मुलींच्या दक्षतेस होतेंच, परंतु त्याहून अधिक तें टोमॅटोच्या आंबटपणास होतें. १८९५ सालीं बेल्जममधील एलेझेल ह्या गांवीं अंत्यविधीच्या वेळीं जमलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें. त्यांतील तिघे मरण पावले व इतर कित्येक अत्यवस्थ झाले. त्या मांसाचें परीक्षण करून एमिल व्हान एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञानें बोटुलिझम् नांवाच्या विषबाधेचा जंतु शोधून काढला. हा जंतु मातींत सर्वत्र असतो. हवेंत तो वाढत नाहीं. हवा नसलेल्या, ओलसर व आंबट नसलेल्या ठिकाणीं मात्र फोफावतो आणि अत्यंत जहाल विष उत्पन्न करतो. विशेष हें कीं, त्याचे बीजाणु उकळत्या पाण्यांत तासन् तास राहूनहि मरत नाहींत. म्हणजे भाजी नीट उकळून डबा उत्तम प्रकारें बंद करणारी दक्ष गृहिणी इतर सर्व जंतूंचा नाश करून ह्या एका वैऱ्यास निर्वेध घर बांधून देते. अन्नास कधीं घाण येते, कधीं तीहि येत नाहीं.

टोमॅटोच्या आम्लांत हा बीजाणु उगवत नाहीं. परंतु टोमॅटोवर हात बसलेल्या मुली व त्यांच्या आया पुढें घेवड्याच्या शेंगा, मका, पालेभाज्या ह्यांकडे वळल्या, आणि ह्या वस्तूंत आम्ल नाहीं. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, अन्न वांचवा अशी हांक देशभर उठली, आणि भाजीला उकळीचा चटका देऊन, गार करून, बरणींत भरून एकदांच उकळावयाची सोपी रीत लक्षावधि घरांत शिरली. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील अर्नेस्ट डिक्सन ह्या वैद्यानें ह्या रीतीनें भरलेल्या भाज्यांपासून विषबाधेचें भय आहे असा इशारा छापून प्रसिद्ध केला. पुढें १९२२ सालीं एस्टी व मायर ह्यांनीं हे बीजाणु किती उष्णतेस किती वेळांत मरतात ह्याचें माप काढलें. १२१ अंश उष्णतेस त्यांस कांहीं मिनिटेंच पुरतात. पण उघड्या भांड्यांतील पाणी १०० अंशांपलीकडे जात नाहीं. महाबळेश्वरासारख्या उंच जागीं तर तें त्याहून चारएक अंश खालींच उकळतें. तेव्हां वाफ कोंडून तिचा दाब वाढविणें, हाच एक मार्ग उरतो.

येथें नॅपच्या सूत्राची दुसरी बाजू उघडी पडते. हातानें केलेल्यावर माणूस संशय घेत नाहीं, हें खरें. परंतु म्हणूनच हातानें केलेली चूकहि त्यास चूक वाटत नाहीं. दहा वर्षें घेवडा नुसता उकळून भरला आणि कोणास कांहीं झालें नाहीं, हा ज्या बाईचा पुरावा, तिला अकराव्या वर्षींच्या बरणीविषयीं कसें सांगावें? शेतकीखातें दाबाच्या भांड्याचा आग्रह धरूं लागलें, तेव्हां गांवोगांवच्या शिक्षिकांवर हें अवघड काम येऊन पडलें. ज्या बायकांस साधी उकळी पुरते असें काल शिकविलें, त्यांस आज ती टोमॅटोस पुरते पण शेंगांस पुरत नाहीं असें सांगावयाचें, आणि कां तेंहि समजावून द्यावयाचें. भांडें महाग होतें. दुसऱ्या महायुद्धांत धातु लढाईकडे गेला व तें दुर्मिळहि झालें. तेव्हां गांवांतील शाळेंत किंवा सार्वजनिक जागेंत मोठीं दाबाचीं भांडीं बसवून सर्वांनीं आपापली भाजी तेथें आणून भरावी, अशी व्यवस्था ठिकठिकाणीं झाली. ह्या वर्गांचें मोठेपण मुलींनीं किती डबे भरले ह्यांत आहे असें सहसा म्हटलें जातें. आमच्या मतें तें आपलाच पहिला धडा सुधारून पुन्हां शिकविण्याच्या ह्या तयारींत आहे.

तो धडा अजून सर्वांपर्यंत पोंचलेला नाहीं. एप्रिल २०१५ मध्यें ओहायो संस्थानांतील लँकेस्टर गांवीं प्रार्थनामंदिराच्या सहभोजनांत बटाट्याचें सॅलड वाढलें गेलें. त्यांतील बटाटे घरीं बरणींत भरून नुसत्या उकळत्या पाण्यांत शिजविलेले होते. २९ जणांस विषबाधा झाली व एक व्यक्ति दगावली. त्या वेळीं दाबाच्या भांड्याची माहिती होऊन शंभर वर्षें होत आलीं होतीं, ती छापलेली होती, फुकट मिळत होती. बरणी भरणाराच्या मनांत दुष्टावा नव्हता. दहा जणांस आपल्या हातचें घालावें हीच भावना असावी.

टोमॅटोविषयींहि शास्त्राचा शब्द पुढें बदलला. त्याचा आंबटपणा कांहीं जातींत अगदीं काठावर असतो असें दिसून आल्यामुळें, बरणींत भरतांना लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घालावें असें आतां सांगितलें जातें.

आपल्या घरांचा ह्या सर्वांशीं संबंध आहे. कैरीचें लोणचें टिकतें तें कैरीच्या आम्लानें व मिठानें, मुरांबा साखरेनें, पापड-सांडगे उन्हानें पाणी आटल्यामुळें. आजीबाईंनीं हें शास्त्र शब्दांत मांडलें नसेल, पण त्यांच्या रीतींत तें पुरतेपणीं होतें. मात्र त्या रीतीचा एक तुकडा तोडून नव्या ठिकाणीं लावला, कीं धोका सुरू होतो. सोललेली लसूण नुसत्या तेलांत बुडवून बाहेर ठेवली तर लोणच्यासारखी ती टिकेल असें कोणासहि वाटेल. परंतु लसणींत आम्ल नाहीं आणि तेल तर हवा रोखतें. १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें अशाच, थंडाव्यांत न ठेवलेल्या लसणीच्या तेलापासून ३६ जणांस हीच बाधा झाली होती.

म्हणून आपल्या महिला-मंडळांतून व शाळांतून लोणचीं, मुरांबे व सरबतें शिकविण्याचे जे वर्ग भरतात, त्यांच्या चालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, कृतीबरोबर तिची मर्यादाहि शिकवावी. मीठ किती हें सांगावें, त्याचबरोबर तें कमी केल्यास काय होईल, आणि कैरीच्या जागीं दुसरी भाजी घेतल्यास तीच रीत कां चालणार नाहीं, हेंहि सांगावें. शिकणाऱ्या भगिनींनींहि 'कां' हा प्रश्न संकोच न धरतां विचारावा. ज्या वर्गांत त्याचें उत्तर मिळतें, तेथें चार दिवस जाणें हें घरच्या विद्येचा अवमान नसून तिची पुढची पायरी आहे.