अमिस्तादवरची मुले

21 जून 2007 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन बंदरातून ‘अमिस्ताद’ नावाचे शिडाचे जहाज अटलांटिक सफरीला निघाले. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली त्या घटनेला त्या वर्षी 200 वर्षे झाली होती. हॅलिफॅक्स, लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल, लिस्बन आणि पुढे सिएरा लिओनचे फ्रीटाऊन. खलाशांच्या जोडीला महाविद्यालयीन विद्यार्थी होते. दोर ओढायचे, रात्रीचा पहारा करायचा आणि माणसे विकून श्रीमंत झालेल्या बंदरांत उतरून तो इतिहास समजून घ्यायचा. इतिहास शिकवण्याची ही रीत मला हेवा वाटावा अशी वाटते. आमच्या वर्गात गुलामगिरी म्हणजे पाच मार्कांची टीप.

हे जहाज म्हणजे 2000 साली मिस्टिक येथे पाण्यात सोडलेली प्रतिकृती. मूळ अमिस्ताद 1839 च्या जूनअखेर हवानाहून निघाले तेव्हा त्यावर 53 आफ्रिकन कैदी होते: 49 पुरुष, तीन मुली आणि एक मुलगा. रुईझ आणि मोंतेस या स्पॅनिश मालकांनी त्यांना विकत घेतले होते. पुरुषाचा भाव 450 डॉलर. स्पेनने 1817 च्या कराराने आफ्रिकेतून गुलाम आणणे बेकायदा ठरवले होते. तेव्हा कागदोपत्री या माणसांना क्यूबातच वाढलेले ठरवले आणि स्पॅनिश नावे चिकटवली. सेंग्बे पिए या मेंडे शेतकऱ्याचा ‘होसे’ झाला. माझ्या आजोबांचे नाव जुन्या दाखल्यावर ‘कचऱ्या’ असे आहे, त्यामुळे कागदावरच्या नावाची ताकद मला वेगळी शिकावी लागली नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. अटलांटिक ओलांडून या माणसांना साखळदंडात आणणारे जहाज होते ‘टेकोरा’. अमिस्ताद हे किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारे लहान जहाज होते. प्रतिकृती बांधली गेली ती बंड झालेल्या जहाजाची. त्यात गैर काही नाही. विद्रोहाचेही स्मारक हवेच. पण तिच्यावर झोपून उठलेल्या मुलाला टेकोराच्या तळातली रात्र कळली असे कुणी समजू नये.

बंड झाले ते निघाल्यानंतर तीन-चार दिवसांतच. मालात ऊसतोडीचे कोयते होते. मराठवाड्यातल्या वाचकाला कोयता म्हणजे काय हे सांगायला नको. कप्तान फेरर आणि स्वयंपाकी मारले गेले, जहाज सेंग्बेच्या ताब्यात आले. आणि खरा पेच इथेच सुरू झाला. जहाज हाती आले, पण ते चालवायची विद्या हाती नव्हती. येताना सूर्य कुठे मावळत होता ते त्यांनी पाहिले होते, म्हणून उगवतीकडे चल, असा हुकूम त्यांनी मोंतेसला केला. मोंतेस दिवसा पूर्वेकडे हाकायचा आणि रात्री गुपचूप उत्तर-पश्चिमेला वळवायचा. जवळजवळ दोन महिने असे गेले. पाणी संपले, माणसे मेली, आणि 26 ऑगस्टला लाँग आयलंडजवळ अमेरिकी आरमाराच्या जहाजाने त्यांना पकडले. प्रतिकृतीवरचा विद्यार्थी होकायंत्र पाहून सुकाणू धरायला शिकतो, तेव्हा तो नेमकी हीच उणीव भरून काढत असतो. मला वाटते, त्या सफरीचे सगळ्यात मोठे शिक्षण हेच.

खटला न्यू हेवनला उभा राहिला. कैद्यांची भाषा कुणालाच येईना. योसाया गिब्ज हे प्राध्यापक त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते मोठ्याने म्हणत फिरले. ते आकडे ओळखले जेम्स कव्ही या खलाशाने. तोही कधी काळी गुलामांच्या जहाजावरून सुटलेला होता. दुभाषी मिळाला आणि माणसांना तोंड फुटले.

9 मार्च 1841 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्यांची बाजू मांडली आणि पुष्कळ पुस्तकांत तेच नायक झाले. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. ती कृतज्ञता रास्तच होती. पण ॲडम्स उभे राहिले ते कोयता उचलला गेल्यानंतर, हा क्रम विद्यार्थ्यांना सांगावा लागतो. शिवाय न्यायालयाने गुलामगिरी चूक ठरवली नाही. हे लोक बेकायदा आणलेले आहेत, म्हणून ते कुणाची मालमत्ता नाहीत, एवढेच म्हटले. 35 जण 1842 च्या जानेवारीत सिएरा लिओनला परतले. त्यांतली मार्ग्रू ही मुलगी पुन्हा अमेरिकेत येऊन ओबर्लिनला शिकली आणि परत जाऊन शिक्षिका झाली.

जहाजावर आणखी एक पोरगेला मुलगा होता, आंतोनियो. तो कप्तान फेररचा गुलाम. त्याचा मालकीहक्क कायदेशीर ठरला, म्हणून खालच्या न्यायालयाने त्याला फेररच्या वारसांकडे क्यूबाला पाठवायचा हुकूम दिला होता. ज्या खटल्यातून इतर सुटले, त्याच खटल्यात हा मुलगा वस्तूच राहिला. त्याला मात्र कुणी क्यूबाला नेऊ शकले नाही. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी त्याला गुपचूप उत्तरेकडे काढून दिले, आणि आंतोनियो मॉन्ट्रियलला पोचला.