भार कुठे, जोर कुठे

यवतमाळकडील काळ्या मातीचा कच्चा रस्ता पावसात निसरडा होतो. घर्षण भारावर अवलंबून असते. म्हणून तिथे प्रश्न एकच, जोर मिळणाऱ्या चाकांवर भार किती?

कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. उत्तरपाड्याची अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. दोघींचे इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. रिकाम्या गाडीची चाके चिखलात नुसतीच फिरत. मागे तिघे बसले की पकड येई. चढावर भार आणखी मागे सरके. पद्मिनी हलकी, इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. अँबॅसिडरचे बराच काळ १४८९. मागची बैठकही ऐसपैस, म्हणून चिखलात माझे मत तिलाच.

१९८३च्या मारुती ८००ने जोर पुढच्या चाकांना दिला. तिथे इंजिनाचाच भार पकडीला येतो, गाडी रिकामी असली तरी. अँबॅसिडर मात्र २०१४ पर्यंत बनत राहिली.